वीजतंत्री कसा घडतो?

भाषणाला उभे राहण्यापूर्वी मंडपाभोवती एक फेरी मारण्याची मला सवय आहे. सभा कामगारांची असो की तुमच्यासारख्या सुशिक्षित नागरिकांची, वीज कोठून घेतली आहे हे मी आधी पाहतो. आजही पाहिले. बांबूला सुतळीने बांधलेल्या वायरी, दोन ठिकाणी जोडावर गुंडाळलेली काळी चिकटपट्टी, आणि शिडीवर अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा. त्याला विचारले, "बाळ, हे शिकलास कुठे?" म्हणाला, "मामाच्या हाताखाली." "परवाना आहे का?" त्यावर तो नुसता हसला. पाहुण्याने यजमानाच्या घरातली जळमटे दाखवू नयेत हे मला कळते, आणि या मुलाचा तर काहीच दोष नाही. परंतु माझा आजचा विषय त्या हसण्यापासूनच सुरू होतो, म्हणून सांगितले.

डॉक्टरची पदवी आपण पाटीवर वाचतो. वकिलाला सनद लागते हे लहान पोरालाही ठाऊक असते. पण जो मनुष्य आपल्या घरात, आपल्या अंथरुणाच्या उशाशी दोनशे तीस व्होल्टचा दाब आणून ठेवतो, त्याला आपण एवढेच विचारतो, "किती घेणार?" शिकलास कोठे, हे विचारीत नाही. याचे एक कारण असे की, हे शिक्षण कोठे मिळते, त्यात काय शिकवितात आणि त्यानंतर त्या मुलाचे काय होते, याची माहिती आपल्या मध्यमवर्गाला फारशी नाही. आय.टी.आय. म्हणजे ज्याला कमी गुण मिळाले त्याने जाण्याची जागा, एवढीच आपली समजूत. वीजतंत्र्याच्या बाबतीत तर ती धडधडीत चूक आहे. शासकीय संस्थांतील प्रवेश दहावीच्या गुणांवर होतात आणि ज्या दोन-चार व्यवसायांवर मुलांची सर्वांत अधिक उडी पडते, त्यांत हा एक आहे.

आमच्या भागात ठाण्याला आणि पनवेलला शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. तेथील दारांवरच्या पाट्या वाचण्यासारख्या असतात. फिटरला 'जोडारी', टर्नरला 'कातारी', वेल्डरला 'संधाता', वायरमनला 'तारतंत्री' आणि इलेक्ट्रिशियनला 'वीजतंत्री'. ही नावे पाटीवरून खाली उतरून कारखान्यात कधी गेली नाहीत ही गोष्ट वेगळी; पण मला ती आवडतात. कातारी आणि जोडारी हे तर आपले जुनेच शब्द. वीजतंत्री आणि तारतंत्री यांत फरक आहे, तो एकदा सांगून टाकतो. तारतंत्र्याच्या अभ्यासक्रमाला आठवी उत्तीर्ण मुलगा चालतो आणि त्याचा भर वायरिंगवर, म्हणजे वीज नेऊन पोहोचविण्यावर असतो. वीजतंत्र्याला विज्ञान व गणित घेऊन दहावी उत्तीर्ण व्हावे लागते, आणि वायरिंगच्या जोडीला मोटार, जनित्र, रोहित्र, नियंत्रणाचे पॅनल ही यंत्रांची बाजूही त्याला शिकावी लागते. दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे. वीजतंत्र्याच्या एका तुकडीत वीस मुले असतात आणि शिकविणाऱ्याला 'निदेशक' म्हणतात. या निदेशकांनाही शिक्षण घ्यावे लागते. मुंबईत चुनाभट्टीला त्यासाठी केंद्र सरकारची संस्था १९६३ पासून आहे.

आता त्या दोन वर्षांत काय घडते ते पाहू.

पहिले काही दिवस मुलाला विजेला हात लावू देत नाहीत. त्याच्या हाती कानस देतात आणि व्हाइसमध्ये धरलेला लोखंडाचा तुकडा घासायला सांगतात. तो सपाट झाला पाहिजे, कोपरे गुण्यात बसले पाहिजेत. मुले कुरकुरतात. वीज शिकायला आलो आणि लोहारकाम काय करायचे? पण ज्याच्या हाताला मोजमापाची शिस्त नाही, त्याच्या हाती पुढे पॅनलमधली तांब्याची पट्टी द्यायची कशी? त्यानंतर येतात तारांचे जोड. तुम्हाला वाटेल, दोन तारा सोलून पिळल्या की झाला जोड. नाही. वेस्टर्न युनियन, ब्रिटानिया, मॅरीड, रॅटटेल अशी त्यांची नावे असून कोणता जोड ताण सोसतो, कोणता सोसत नाही, कोठे कथिलाचा डाख द्यायचा, हे सारे हाताने करून दाखवावे लागते.

या जोडात एवढे काय आहे? हिशेब करून सांगतो. घरात दहा अँपिअर प्रवाह वाहतो आहे, गीझर किंवा इस्त्री चालू आहे, असे समजा. जोड ढिला असल्यामुळे त्या ठिकाणी अर्धा ओहम विरोध निर्माण झाला. प्रवाहाचा वर्ग गुणिले विरोध हे उष्णतेचे सूत्र. दहाचा वर्ग शंभर, त्याचे अर्धे पन्नास. म्हणजे हरभऱ्याएवढ्या जागेत पन्नास वॅटची शेगडी, आणि तीही भिंतीच्या आत, पट्टीच्या वेष्टणाखाली. वर्तमानपत्रात आपण 'शॉर्ट सर्किटमुळे आग' असे वाचतो. माझा अनुभव असा की त्यांतल्या पुष्कळ आगी शॉर्ट सर्किटच्या नसून ढिल्या जोडाच्या असतात. पण पंचनाम्यात लिहायला 'शॉर्ट सर्किट' हा शब्द सोपा पडतो.

पुढचा पाठ जिन्याच्या दिव्याचा. खाली लावायचा, वर जाऊन मालवायचा. दोन कळी, एक दिवा. वहीत आकृती काढायची, मग लाकडी फळीवर वायरिंग करून दाखवायचे. यात मुलांना प्रथम समजते की कळ नेहमी फेजच्या तारेवर बसवावी, न्यूट्रलवर बसवू नये. न्यूट्रलवर बसवली तरी दिवा मालवतोच. पाहणाऱ्याला काही फरक दिसत नाही. पण दिवा मालवलेला असताना होल्डरमध्ये वीज जिवंतच राहते, आणि दुसऱ्या दिवशी घरातली बाई स्टुलावर चढून दिवा बदलायला जाते. मामाच्या हाताखाली शिकलेला मुलगाही कळ फेजवरच बसवील, कारण मामाने तसे सांगितले आहे. पण का, हे त्याला ठाऊक नसले तर ज्या दिवशी घरातल्या तारांचे रंग उलटसुलट निघतील त्या दिवशी तो फसेल. शिकलेला मुलगा रंगावर विश्वास ठेवीत नाही, तपासून पाहतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण ती तुमच्या घराची आहे.

आपली समजूत अशी की फ्यूज आपला जीव वाचवितो. फ्यूज वायरला वाचवितो, माणसाला नाही. दिव्यांच्या मंडलावर पाच अँपिअरचा फ्यूज आहे असे धरू. ओल्या हाताच्या माणसाने जिवंत तारेला स्पर्श केला. शरीराचा विरोध माणसागणिक आणि ओलीगणिक बदलतो, पण हिशेबासाठी एक हजार ओहम धरतात. दोनशे तीस भागिले एक हजार, म्हणजे ०.२३ अँपिअर. साठ वॅटचा साधा जुना दिवा ०.२६ अँपिअर घेतो. म्हणजे माणूस मरायला साठ वॅटच्या दिव्याएवढीही वीज लागत नाही. पाच अँपिअरच्या फ्यूजला वाटते, कोणीतरी एक दिवा लावला. तो कशाला वितळेल? त्याच्या समोर माणूस मरतो आणि तो शांतपणे पाहत राहतो.

मग माणसाला कोण वाचविते? एक म्हणजे अर्थिंग, आणि दुसरे म्हणजे गळतीवर तुटणारा स्विच, ज्याला बाजारात आर.सी.सी.बी. म्हणतात. हा स्विच जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांची सतत तुलना करतो. तीस मिलीअँपिअर, म्हणजे त्या साठ वॅटच्या दिव्याच्या नवव्या हिश्श्याइतका प्रवाह जरी दुसऱ्या वाटेने, माणसाच्या अंगातून, जमिनीत जाऊ लागला तरी सेकंदाच्या अल्पांशात तो मंडल तोडतो. ज्यांच्या घरी हा नसेल त्यांनी तो बसवून घ्यावा. एवढे एक काम झाले तरी माझे आजचे भाषण वाया गेले नाही असे मी समजेन.

अर्थिंगचे गणित नवी मुंबईत विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. कपडे धुण्याच्या यंत्राच्या पत्र्याला आतून जिवंत तार लागली असे समजा. जमिनीपर्यंत जाणाऱ्या वाटेचा विरोध दोन ओहम असेल, तर त्या वाटेने शंभरांहून अधिक अँपिअर प्रवाह धावतो आणि फ्यूज तत्काळ उडतो. पण तीच वाट गंजून तिचा विरोध शंभर ओहम झाला, तर प्रवाह फक्त २.३ अँपिअर. फ्यूज जागचा हलत नाही, आणि यंत्राचा पत्रा जिवंत राहतो. आता आपल्या या शहराची जमीन कशी आहे? खाडीची. जेथे मिठागरे आणि भातखाचरे होती तेथे भराव घालून आपण इमारती बांधल्या. खारी माती विजेची वाहक चांगली; म्हणजे नव्या अर्थिंगला ती उपकारक. पण तीच माती लोखंडी पाइप आणि त्यावरचा क्लॅम्प खाऊन टाकते. वरून सिमेंटचा चौकोन आणि हिरवी तार दिसते, खाली काय उरले आहे ते कोणी पाहत नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत रंगाच्या छटेवर दोन तास वाद होतो. अर्थिंगचा विरोध शेवटचा कधी मोजला, हा प्रश्न मी एकाही सभेत ऐकलेला नाही. मोजायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, आणि ते यंत्र चालवायला आय.टी.आय.च्या मुलाला शिकविलेले असते.

दुसऱ्या वर्षी यंत्रे येतात. मोटार उलगडायची, तिचे वेटोळे मोजायचे, पुन्हा भरायचे. स्टार्टर जोडायचा. यातील 'स्टार-डेल्टा' हा पाठ मुलांना फार अवघड जातो, आणि समजला की फार आनंद देतो. उभी असलेली मोठी मोटार एकदम पूर्ण दाबावर सुरू केली तर ती चालण्याच्या प्रवाहाच्या पाच-सहापट प्रवाह ओढते. बैल उठतो न उठतो तोच त्याच्यावर भरल्या गाडीचे जू ठेवावे तसे होते. तारा तापतात, शेजारचे दिवे मंदावतात. म्हणून तिची तीन वेटोळी आधी अशा रीतीने जोडतात की प्रत्येकाला पूर्ण दाबाच्या शेकडा ५८ इतकाच दाब मिळावा. त्यामुळे लाइनमधून ओढलेला प्रवाह एक तृतीयांशावर येतो. मोटारीने वेग घेतला की जोडणी बदलून पूर्ण दाब द्यायचा. आणि हे सारे माणसाने धावाधाव न करता काँटॅक्टर आणि टायमर यांनी आपोआप व्हावे, असे पॅनल मुलाने स्वतः जोडून दाखवायचे असते. ज्याने ते एकदा चालवून पाहिले आहे, त्याच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर त्याला कमी गुणांचा मुलगा म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही.

या शिक्षणावर माझा एक आक्षेप आहे तो येथेच नोंदवितो. पूर्वी वर्षाला १,६०० तासांचा अभ्यासक्रम होता. २०२२ च्या सुधारित अभ्यासक्रमात तो १,२०० तासांवर आला, त्यांतले ८४० तास हाताने करण्याच्या कामाचे. जोडीला कारखान्यात १५० तास काम करण्याची तरतूद आहे, ती चांगली आहे. पण कसब तासांनीच येते. कानस चारशे तास कमी चालवून हात तितकाच तयार होईल असे मला वाटत नाही, आणि कोणाही जुन्या कारागिराला वाटणार नाही.

हे शिक्षण सरकारने हाती कधी घेतले, हे थोडक्यात सांगतो. मुंबईत विजेचा सार्वजनिक पुरवठा १९०५ साली सुरू झाला. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये चालू झाले, आणि गिरण्यांतील वाफेची इंजिने मागे पडून विजेच्या मोटारी येऊ लागल्या. पण त्या चालविणारा माणूस शिकला कोठे? साच्याजवळ. जॉबरने आणलेला भाचा-पुतण्या बघून बघून शिके, आणि शिकल्याबद्दल जॉबरला दस्तुरी देई. १९२९ साली नेमलेल्या मजूर-विषयक शाही आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात या जॉबरशाहीवर कडक टीका केली. व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूट १८८७ पासून होती खरी, परंतु गिरणगावातल्या बहुसंख्य मुलांना तिचे दार लांबचे होते.

बदल झाला तो दुसऱ्या महायुद्धाने. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते, आणि त्यांच्या खात्याकडे वीज आणि मजूर हे दोन्ही विषय होते. आपण त्यांचे हे काम फारसे आठवीत नाही. युद्धोत्तर वीजविकासाच्या समितीपुढे १९४३ साली त्यांनी वीज स्वस्त आणि मुबलक असल्याशिवाय हा देश दारिद्र्यातून वर येणार नाही अशी मांडणी केली. पुढच्या वर्षी केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ निघाले. १९४५ मध्ये त्याच मजूर खात्याने परतणाऱ्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी एक महासंचालनालय काढले. त्याच्याकडूनच १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना आली. १९५६ मध्ये संस्थांचा रोजचा कारभार राज्यांकडे गेला, आणि १९६१ साली शिकाऊ उमेदवारीचा कायदा झाला. साच्याजवळचा पुतण्या आणि आजचा प्रमाणपत्रधारक यांच्यामध्ये एवढी वाट आहे.

नवी मुंबईत या वाटेला आणखी एक पदर आहे, तो जमिनीचा. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत औद्योगिक वसाहत आली, नोसिलसारखे रसायनांचे मोठमोठे कारखाने १९६० नंतर उभे राहिले. १९७० साली सिडको आली आणि ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. आगरी-कोळी कुटुंबांची भातशेती आणि मिठागरे गेली. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच माणसे गोळीबारात पडली, तेव्हा कोठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाच्या न्यायाची वाट खुली झाली. पण भूखंड एका पिढीला मिळतो. पुढच्या पिढीला काय? तिला नोकरी देऊ, असे सांगितले होते. कारखान्याच्या फाटकावर मात विचारणा झाली ती प्रमाणपत्राची, आणि ज्याच्या बापाने आयुष्यभर मीठ ओढले त्याच्याजवळ प्रमाणपत्र कोठून असणार? त्या वेळी ज्या थोड्या मुलांनी ठाण्याची किंवा पनवेलची आय.टी.आय. केली होती ती आत गेली. बाकीची बरीचशी कंत्राटदाराच्या टोळीत हमालीला लागली. मी हे ऐकलेले सांगत नाही, त्या टोळीत मीही होतो. नववीत शाळा सुटली. ओहमचा नियम मला चाळिशीत समजला.

आता त्या रस्त्यावरचे कित्येक कारखाने बंद झाले. त्यांच्या जागी संगणकाच्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती आणि ऐरोली, रबाळे, महापे भागांत माहिती साठवून ठेवणारी प्रचंड केंद्रे आली. या केंद्रांत माणसे थोडी आणि वीज अफाट. वीज क्षणभरही खंडित होऊन चालत नाही, म्हणून बॅटऱ्यांच्या खोल्या, डिझेल जनित्रांच्या रांगा, दोन-दोन बाजूंनी येणारा पुरवठा. बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये धावू लागली, विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. हे सारे चालते ठेवणारा मनुष्य वीजतंत्री आहे. म्हणजे काम आहे. प्रश्न आहे तो, काम कोणत्या नावाने मिळते, हा.

आय.टी.आय. झाल्यावर मुलाला राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. त्यानंतर त्याने एक वर्ष एखाद्या आस्थापनेत शिकाऊ उमेदवार म्हणून काढावे अशी योजना आहे. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेवर आपल्या मनुष्यबळाच्या शेकडा अडीच ते पंधरा या प्रमाणात उमेदवार घेण्याचे बंधन आहे. २०१९ च्या नियमांनी प्रमाणपत्रधारक उमेदवाराचे किमान विद्यावेतन महिना ७,००० रुपये ठरविले. विद्यावेतन म्हणतात, पगार म्हणत नाहीत. आणि या शब्दातच सारे आहे. कायद्याचे अठरावे कलम सांगते की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. सबब कामगारांचे कायदे त्याला लागू नाहीत. तो युनियनच्या पावतीपुस्तकात येत नाही. मात्र सुरक्षिततेची तरतूद त्याला लागू आहे आणि त्याला इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर आहे, हे त्याच कायद्यात आहे. मुलांना ते सहसा कोणी सांगत नाही.

उमेदवारी संपल्यावर नोकरी द्यावीच असे बंधन मालकावर नाही. २०१४ च्या दुरुस्तीने एवढेच केले की प्रत्येक मालकाने त्याबाबतचे आपले धोरण ठरवावे. पण सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली उत्तर प्रदेश राज्य परिवहन महामंडळाच्या खटल्यात सांगितले आहे की, इतर गोष्टी सारख्या असतील तर बाहेरच्यापेक्षा प्रशिक्षित उमेदवाराला प्राधान्य द्यावे, आणि वयाच्या अटीतही त्याच्या प्रशिक्षणाचा काळ विचारात घ्यावा. हा निकाल ज्या मुलाच्या बाजूचा आहे त्याच्या खिशात त्याची प्रत असली पाहिजे. आमच्या कचेरीत आम्ही ती फुकट देतो.

एक प्रकरण सांगतो. कारखान्याचे नाव सांगणार नाही, मुलाचेही नाही. पनवेल तालुक्यातला मुलगा; आय.टी.आय. केली, उमेदवारी केली, दोन्ही प्रमाणपत्रे फ्रेममध्ये घालून घरी भिंतीवर लावली. काम मिळाले ते कंत्राटदाराकडे. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे लिहिले 'हेल्पर'. किमान वेतनात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे तीन वर्ग असतात. कुशल लिहिले तर पैसे अधिक द्यावे लागतात, म्हणून हेल्पर. मुलाने विचारले तेव्हा मुकादम म्हणाला, "नावात काय आहे? काम तर इलेक्ट्रिशियनचेच करतोस ना?" मुलालाही ते पटले. तीन वर्षे त्याने पॅनल उघडली, मोटारी बदलल्या, रात्रपाळीला एकट्याने बिघाड काढले.

एका रात्री त्याला सांगितले, पुरवठा बंद केला आहे, पॅनल उघड. एका बाजूचा पुरवठा खरोखरच बंद होता. दुसऱ्या बाजूचा नव्हता. कुलूप लावले नव्हते, फलक टांगला नव्हता, लेखी परमिट घेतले नव्हते. त्याचा उजवा हात भाजला. विजेच्या प्राणांतिक किंवा गंभीर अपघाताची वर्दी चोवीस तासांच्या आत विद्युत निरीक्षकाकडे जावी लागते. वर्दी गेली, आणि तिच्यात लिहिले होते की 'हेल्परने अनधिकृतपणे पॅनल उघडले.' श्रोतेहो, नावात काय आहे ते त्या रात्री समजले. जे अक्षर पगार वाचविण्यासाठी लिहिले होते, तेच अक्षर आता गुन्हा त्याच्या अंगावर ढकलण्यासाठी उपयोगी पडले.

आम्ही भांडलो. पाळीच्या नोंदवहीत बिघाड काढल्याच्या त्याच्या सह्या होत्या, त्या एक-एक करून काढल्या. हेल्परने तीन वर्षे बिघाड काढले असतील तर त्याला हेल्पर कोण म्हणेल? दोन बाजूंचा पुरवठा म्हणजे काय, कोणता ब्रेकर कोठे, हे समजल्याशिवाय मला उलटतपासणीची टिपणे वकिलाला देता येईनात. म्हणून मी मुलाच्याच जुन्या वह्या मागून घेतल्या आणि रात्री बसून वाचल्या. ओहमचा नियम चाळिशीत समजला म्हटले तो असा. दोन वर्षांनी भरपाई मिळाली आणि हजेरीपटावर त्याचा हुद्दा बदलून आला. त्याची तीन बोटे अजून पुरती वळत नाहीत.

तेव्हापासून मी आय.टी.आय.तून बाहेर पडणाऱ्या मुलांना सांगतो की, नेमणुकीच्या कागदावर आणि हजेरीपटावर आपला हुद्दा काय लिहिला आहे ते पहिल्या महिन्यातच पाहा. परवान्याचेही तसेच. विजेची मांडणी परवानाधारक ठेकेदारामार्फत, परवाना असलेल्या कारागिराकडून आणि पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व्हावी, हा १९५६ च्या भारतीय वीज नियमांतला पंचेचाळीसावा नियम. ते नियम आता राहिले नाहीत, पण हे तत्त्व २०१० च्या आणि २०२३ च्या केंद्रीय नियमावल्यांतही पुढे आले आहे. आय.टी.आय.चे प्रमाणपत्र आणि परवाना या दोन गोष्टी निराळ्या आहेत. दुसऱ्यासाठी निराळा अर्ज करावा लागतो, आणि पुष्कळ मुले तो करीतच नाहीत.

सरकारी नोकरीची वाट म्हणाल तर महावितरणमध्ये 'विद्युत सहाय्यक' म्हणून भरती होते, ती याच प्रमाणपत्रावर. पहिली तीन वर्षे मानधन, मग तंत्रज्ञ म्हणून नेमणूक. पावसाळ्यात रात्री दोन वाजता खांबावर चढणारा तो हाच मुलगा. त्याच्या जिवाचा थोडा भाग आपल्याही हाती आहे, हे येथे सांगितले पाहिजे. त्याने वरून लाइन बंद केली, आणि आपण घरचे जनित्र चुकीच्या रीतीने जोडून चालू केले, तर आपली वीज उलट्या वाटेने खांबावर जाते. रोहित्रातून उलटी गेली तर अकरा किंवा बावीस हजार व्होल्ट होऊन जाते. जनित्र आणि लाइन एकाच वेळी जोडलीच जाऊ नये असा अदलाबदलीचा स्विच असतो. तो बसवून न घेता नुसती पिन घुसवून काम भागविणारे लोक मी सुशिक्षित वस्तीत पाहिले आहेत.

मुलींविषयी दोन शब्द. त्यांच्यासाठी जागा राखीव असतात आणि मुली येऊही लागल्या आहेत. स्टार-डेल्टाचे पॅनल मुलीच्या हातून चालले नाही असे एकाही निदेशकाने मला सांगितलेले नाही. अडते ते पुढे. रात्रपाळी, कपडे बदलायची खोली, आणि "शिडीवर मुलगी कशी चढणार" हा बाप लोकांचा प्रश्न. शेतात, वीटभट्टीवर, इमारतीच्या परातीखाली तिला चढताना कोणी अडविले नव्हते.

प्रवेशाची रीत सांगून थांबतो, कारण येथे दहावीच्या मुलांचे पालक बसले आहेत. अर्ज व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे संगणकावरून करायचा असतो. निकालाच्या सुमारास ही प्रक्रिया सुरू होते. अर्ज भरून झाला म्हणजे काम झाले असे नाही. कागदपत्रांची पडताळणी करून घ्यावी लागते आणि त्यानंतर संस्था व व्यवसाय यांचा पसंतीक्रम भरावा लागतो. येथेच मुले चुकतात. जवळची एकच संस्था लिहितात, आणि तेथे यादी वर गेली की बसून राहतात. ठाणे, पनवेल, मुंबईतल्या संस्था, सर्व लिहाव्यात. लोकल आहे, मुलगा जाईल. वीजतंत्री मिळाला नाही तर तारतंत्रीही लिहावा. दहावीचे गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला लागत असल्यास तो, आणि प्रकल्पग्रस्ताचे प्रमाणपत्र घरात असल्यास तेही आताच काढून ठेवावे. जूनमध्ये तहसील कचेरीसमोरची रांग फार मोठी असते. अर्ज भरता येत नसेल त्याने संध्याकाळी सहानंतर आमच्या कचेरीत यावे. भरून देऊ. आणि तो शिडीवरचा मुलगा अजून मागे उभा असेल, तर त्यानेही यावे. तो आठवी झालेला आहे, एवढे मी विचारून ठेवले आहे.